गेलिक फुटबॉल, टीव्हीचा कॅमेरा आणि खेळाडूंची शिस्त: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मूळची कोल्हापूरची, आता राहते डब्लिनमध्ये. मुलगी इथल्या क्लबात गेलिक फुटबॉल खेळायला लागली आणि तिच्यामागे मीही या खेळात ओढली गेले. नव्याने आलेली मराठी मंडळी आणि भारतातले नातेवाईक मला तेच ते प्रश्न विचारतात. सामना कुठे दिसतो, त्या खेळाडूला बाहेर का काढलं, त्याची शिक्षा पुन्हा माफ कशी झाली, टीव्हीवरचे तज्ज्ञ एवढे का भडकतात. सगळ्यांना वेगवेगळी उत्तरं देण्यापेक्षा एकदाच लिहून काढते. नियम आणि घटना जशा आहेत तशा दिल्या आहेत. मतं माझी आहेत, आणि जिथे मत आहे तिथे ते लपवलेलं नाही.

हा खेळ सॉकर आहे की रग्बी?

दोन्ही नाही. एका संघात १५ खेळाडू असतात. चेंडू गोल, हातात धरता येतो, पण चार पावलांपेक्षा जास्त धरून पळता येत नाही. मग तो जमिनीवर आपटायचा किंवा स्वतःच्याच पायावर टाकून परत हातात घ्यायचा. या दुसऱ्या प्रकाराला सोलो म्हणतात. गोलखांब इंग्रजी एच अक्षरासारखे असतात. आडव्या दांड्याखालून जाळीत गेला तर गोल, म्हणजे ३ गुण. दांड्यावरून खांबांच्या मधून गेला तर १ गुण. २०२५ पासून ४० मीटरच्या कमानीबाहेरून मारलेल्या फटक्याला २ गुण मिळतात. धावफलक १-२६ असा लिहितात, त्याचा अर्थ एक गोल आणि २६ गुण, एकूण २९. काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) पातळीवरचा सामना ७० मिनिटांचा.

शिस्तीच्या सगळ्या भांडणांचं मूळ एकाच ठिकाणी आहे: चेंडू हिसकावण्याची पद्धत. खांद्याला खांदा भिडवणं चालतं, उघड्या हाताने चेंडूवर चापट मारणं चालतं, पण माणसाला धरणं चालत नाही. धावत्या माणसाच्या हातातला चेंडू त्याला न धरता काढायचा, हे ऐकायला सोपं आहे. प्रत्यक्षात दर मिनिटाला कुणीतरी कुणालातरी थोडंसं धरतोच, आणि त्यातलं किती चालवून घ्यायचं हे पंच ठरवतो. एकच धरपकड एका रविवारी फाउल ठरते, पुढच्या रविवारी नाही. प्रेक्षकांचा राग तिथून सुरू होतो.

आयर्लंडमधल्या लोकांना याचं एवढं काय?

कारण हे खेळाडू पगारी नाहीत. गेलिक ॲथलेटिक असोसिएशन, सगळे जिला जीएए म्हणतात, ती १ नोव्हेंबर १८८४ ला टिपररी काउंटीतल्या थर्ल्स गावात एका हॉटेलात स्थापन झाली आणि आजतागायत तिचे खेळाडू हौशी आहेत. रविवारी डब्लिनच्या क्रोक पार्क स्टेडियमवर ८२ हजार लोकांसमोर खेळलेला शिक्षक सोमवारी शाळेत तास घेतो. खेळाडूंची खरेदी-विक्री नाही. ज्या गावात वाढलात त्या क्लबासाठी खेळायचं, आणि चांगले असाल तर आपल्या काउंटीसाठी.

कोल्हापूरच्या माणसाला हे पटकन समजतं. शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध दिलबहार सामना असतो तेव्हा मैदानात तालीम उतरते, पेठ उतरते. इथे तसंच पॅरिश, म्हणजे एका चर्चभोवतीचं गाव, उतरतं. म्हणून इथे एखाद्याला लाल कार्ड मिळालं तर ते त्या एकट्याला लागत नाही. त्याची आई ज्या दुकानात दूध घेते तिथे त्याची चर्चा होते.

सामने टीव्हीवर कुठे दिसतात?

आधी थोडं मागे जाते, कारण या खेळाचं आणि प्रक्षेपणाचं नातं फार जुनं आहे. आयरिश रेडिओने १९२६ मध्येच हर्लिंगच्या (जीएएचाच काठी-चेंडूचा दुसरा खेळ) एका उपांत्य सामन्याचं धावतं वर्णन दिलं होतं. १९३८ पासून मायकल ओहेअर यांचा आवाज घराघरात पोहोचला. १९४७ ची ऑल-आयर्लंडची, म्हणजे काउंटींमधल्या मुख्य देशव्यापी स्पर्धेची, अंतिम लढत न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर झाली, कॅव्हन विरुद्ध केरी. रेडिओची आरक्षित वेळ संपत आली तेव्हा ओहेअर यांनी बोलता बोलताच लाइन पाच मिनिटं तोडू नका अशी विनवणी केली. लाइन राहिली आणि कॅव्हन जिंकल्याचं आयर्लंडने ऐकलं. ज्या घरात रेडिओ त्या घराच्या खिडकीशी गाव जमायचं, हे इथली म्हातारी माणसं अजून सांगतात.

आता आजचं. सरकारी वाहिनी आरटीई मोठे सामने मोफत दाखवते, आणि १९७९ पासून तिचा ‘द संडे गेम’ हा कार्यक्रम रविवारी रात्री दिवसभराच्या सामन्यांचा पंचनामा करतो. आयरिश भाषेतली वाहिनी टीजी फोर लीगचे, क्लबांचे आणि महिलांचे सामने दाखवते. माझ्या मते सगळ्यात प्रामाणिक प्रक्षेपण तिचंच आहे. भाषा कळली नाही तरी खेळ पूर्ण दिसतो आणि भांडणं उकरून काढली जात नाहीत. उरलेले बरेच सामने जीएए प्लस या पैसे भरून बघायच्या सेवेवर असतात.

पैसे भरून बघण्यावरून एवढा वाद का?

२०१४ साली जीएएने पहिल्यांदा काही सामने स्काय स्पोर्ट्सला दिले तेव्हाच लोक बिथरले होते. ज्या खेळासाठी खेळाडूला एक पैसा मिळत नाही, ज्याची मैदानं गावकऱ्यांनी लॉटरीची तिकिटं विकून उभी केली, तो बघायला एका परदेशी कंपनीची वर्गणी का भरायची, हा प्रश्न तेव्हाचा आहे. २०२२ नंतर स्काय बाहेर पडली. तिची जागा आरटीई आणि जीएए यांच्या भागीदारीतल्या जीएएगो या इंटरनेट सेवेने घेतली. ही सेवा मुळात परदेशातल्या आयरिश लोकांसाठी होती. २०२३ मध्ये देशातल्या देशातही चॅम्पियनशिपचे सामने तिच्यावर गेले. एका सामन्याला १२ युरो, पूर्ण हंगामाला ७९.

वसंतात मन्स्टर प्रांतातले हर्लिंगचे चुरशीचे सामने पैशांच्या भिंतीआड गेले आणि वाद संसदेपर्यंत पोहोचला. आरटीई आणि जीएएच्या अधिकाऱ्यांना संसदीय समितीपुढे बसावं लागलं. तेव्हाचे पंतप्रधान होते लिओ वराडकर, ज्यांचं मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड. आमच्या मराठी मंडळींनी त्या काळात हा वाद एरवीपेक्षा जरा जास्तच लक्ष देऊन वाचला.

पुढे जीएएने आरटीईचा हिस्सा विकत घेतला आणि २०२५ पासून ती सेवा जीएए प्लस झाली.

माझं मत विचाराल तर, पैसे घेण्याला माझा सरसकट विरोध नाही. छोट्या काउंटीचे जे सामने पूर्वी कुठेच दिसत नव्हते ते आता निदान कुठेतरी दिसतात. माझा आक्षेप वेगळा आहे. खेड्यातल्या ज्या आजोबांनी चाळीस वर्षं मैदानाचं गवत कापलं त्यांच्याकडे ना इंटरनेटचा वेग, ना कार्डाने पैसे भरायची सवय. त्यांना सामना दिसत नाही. आणि शिस्तीशी याचा थेट संबंध आहे, तो पुढे सांगते.

कार्डं किती प्रकारची असतात?

पिवळं, काळं आणि लाल. दोन पिवळी झाली की लाल. लाल म्हणजे बाहेर, बदली खेळाडू नाही आणि सरळ लाल असेल तर सहसा पुढे बंदी.

काळं कार्ड जाणूनबुजून केलेल्या फाउलसाठी आहे. चेंडू घेऊन सुसाट निघालेल्याला मुद्दाम ओढून पाडणं, पाय घालणं, चेंडू देऊन पुढे धावणाऱ्याच्या अंगावर मुद्दाम जाणं असे प्रकार. २०१४ मध्ये ते सुरू झालं तेव्हा खेळाडू उरलेल्या सामन्यासाठी बाहेर जायचा, पण त्याच्या जागी दुसरा येऊ शकायचा. म्हणजे संघाचं फारसं नुकसान नव्हतं. २०२० पासून तो दहा मिनिटं बाहेर बसतो आणि संघ तेवढा वेळ चौदा जणांनी खेळतो. कबड्डीत पिवळ्या कार्डाला दोन मिनिटं बाहेर बसवतात तशातलाच हा प्रकार.

काळं कार्ड शॉन कॅव्हनामुळे आलं ना?

नाही, पण हे दहा पैकी आठ जण सांगतात. ऑगस्ट २०१३ मध्ये टिरोन काउंटीच्या शॉन कॅव्हनाने मॉनहनच्या कॉनर मॅकमॅनसला गोलसमोर अक्षरशः रग्बीसारखं कवळून पाडलं. टिरोन जिंकलं. ‘द संडे गेम’मध्ये विश्लेषक जो ब्रॉली यांनी त्यावर असा संताप व्यक्त केला की खेळाडूच्या माणूसपणापर्यंत गोष्ट गेली. ती चित्रफीत लोक अजून एकमेकांना पाठवतात.

पण काळ्या कार्डाचा ठराव त्याआधीच, मार्च २०१३ मध्ये, जीएएच्या वार्षिक अधिवेशनात मंजूर झाला होता. फक्त अंमल जानेवारी २०१४ पासून होता. टीव्हीवरचा एक संताप लोकांच्या आठवणीत इतका घट्ट बसला की अधिवेशनात शांतपणे झालेलं मतदान पुसलं गेलं. कॅव्हनाने त्या दिवशी केलं ते त्या दिवसाच्या नियमात बसणारं होतं. पिवळं कार्ड घेऊन गोल वाचवणं हा तेव्हा सरळ फायद्याचा सौदा होता. चूक नियमाची होती आणि झोडपला गेला खेळाडू.

शिक्षा नेमकी कोण ठरवतं?

पंच सामन्यानंतर अहवाल देतो. केंद्रीय स्पर्धा नियंत्रण समिती, म्हणजे सीसीसीसी, त्यावरून शिक्षा सुचवते. ‘सुचवते’ हा शब्द महत्त्वाचा आहे. खेळाडूने मान्य केली तर विषय संपला. नाही केली तर केंद्रीय सुनावणी समिती, तिथे हरला तर केंद्रीय अपील समिती, आणि तिथेही हरला तर २००५ मध्ये स्थापन झालेलं स्वतंत्र लवाद मंडळ, डीआरए. एवढ्या पायऱ्या का? कारण त्याआधी लोक थेट कोर्टात जायचे.

पायऱ्या जास्त म्हणून पळवाटाही जास्त. फेब्रुवारी २००६ मध्ये ओमा इथे टिरोन आणि डब्लिन यांच्यात लीगचा सामना झाला, ज्याला आजही ओमाची लढाई म्हणतात. सगळ्या देशाने हाणामारी पाहिली. नंतर सुचवलेल्या बंद्या प्रक्रियेच्या मुद्द्यावर टिकल्या नाहीत.

“टीव्हीवर दाखवलं म्हणून शिक्षा झाली,” हे खरं आहे का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून इथे थोडं थांबते.

नियम असा आहे. पंचाने एखादा प्रसंग पाहून त्यावर निर्णय दिला असेल तर सहसा तो अंतिम. पण पंचाच्या नजरेतून सुटलं असेल तर समिती चित्रीकरण पाहून कारवाई करू शकते. त्यासाठी ती पंचाला विचारते, तुम्ही हे पाहिलं होतं का, योग्य निर्णय दिला असं वाटतं का? पंच हो म्हणाला की संपलं.

कागदावर हे ठीक आहे. आता प्रत्यक्ष बघा. जून २०१७, पोर्टलीशमध्ये डब्लिन विरुद्ध कार्लो. डब्लिनच्या डिअर्मुड कॉनोलीने लाइनमनच्या छातीला हात लावला. मैदानावर कार्ड निघालं नाही. दुसऱ्या दिवशी रात्री ‘द संडे गेम’मध्ये विश्लेषक पॅट स्पिलेन यांनी नियमच वाचून दाखवला: सामना अधिकाऱ्याला किरकोळ शारीरिक अडथळा, किमान १२ आठवडे. काही दिवसांत कॉनोलीला १२ आठवड्यांची बंदी आली. डब्लिनने ती स्वीकारली, पण व्यवस्थापक जिम गॅविन इतके संतापले की पुढच्या सामन्यानंतर त्यांनी वाहिन्यांना नेहमीच्या मुलाखती दिल्या नाहीत आणि नंतर पत्रकारांसमोर आपल्या खेळाडूच्या नावाला काळिमा फासला गेला असं बोलून दाखवलं.

शिक्षा चुकीची होती का? माझ्या मते नाही. अधिकाऱ्याला हात लावायचा नाही म्हणजे नाही, तो खेळाडू कितीही मोठा असो. पण डब्लिनच्या लोकांचा राग मला पूर्ण कळतो. त्याच शनिवार-रविवारी देशात इतर कितीतरी मैदानांवर कुणीतरी लाइनमनशी असंच वागला असेल. तिथे कॅमेरा नव्हता, असलाच तर एकच होता, आणि रात्री स्टुडिओत कुणी नियमाचं पुस्तक उघडलं नाही.

वर प्रक्षेपणाचा आणि शिस्तीचा थेट संबंध आहे असं म्हटलं, तो हा. डब्लिन, केरी, मेयो यांचे सामने सहा-आठ कोनांतून, संथगतीने, पुन्हापुन्हा दिसतात. लेट्रिम किंवा वॉटरफर्डचा सामना एका कॅमेऱ्यावर, पावसाने ओल्या झालेल्या काचेतून दिसतो. जो जास्त दिसतो त्याचे गुन्हे जास्त सापडतात. उलट बाजूने, त्याच्यावर झालेला अन्यायही जास्त दिसतो. छोट्या काउंटीच्या खेळाडूला कोपर बसलं तर त्याचा पुरावा त्याच्या काळ्यानिळ्या डोळ्याशिवाय दुसरा नसतो. शिस्त सगळ्यांना सारखी हवी असेल तर नजरही सारखी हवी.

दुसरं उदाहरण त्याहून वाईट. ऑगस्ट २०१५, टिरोन विरुद्ध मॉनहन. एका प्रतिस्पर्ध्याने टिरोनच्या टिअर्नन मॅकॅनचे केस विस्कटले आणि तो गोळी लागल्यासारखा कोसळला. खोटेपणा होता, त्यात दुमत नाही. पण टीव्हीवर आणि वर्तमानपत्रांत इतका गहजब झाला की त्याला ‘संघटनेची अप्रतिष्ठा’ या कलमाखाली आठ आठवड्यांची बंदी सुचवण्यात आली. आठ आठवडे, म्हणजे एखाद्याला ठोसा मारून मिळतात त्याहून जास्त. सुनावणीत ती टिकली नाही, आणि टिकायला नकोच होती. ज्या गोष्टीला नियमात नीट शिक्षा नाही, तिला लोकक्षोभाच्या मापाने शिक्षा द्यायला गेलं की असंच होतं.

मग २०१५ मध्ये कॉनोलीला सोडलं ते कसं?

उपांत्य सामना, डब्लिन विरुद्ध मेयो, ३० ऑगस्ट २०१५, बरोबरीत सुटला. कॉनोलीला मेयोच्या ली कीगनशी झटापट केल्याबद्दल लाल कार्ड मिळालं. फेरसामना सहा दिवसांनी. सुनावणी समितीने नाही म्हटलं, अपील समितीने नाही म्हटलं, आणि फेरसामन्याच्या दिवशीच पहाटे डीआरएने प्रक्रियेतल्या न्याय्यतेच्या मुद्द्यावर बंदी उठवली. तो खेळला, डब्लिन जिंकलं.

मेयोच्या लोकांसमोर हा विषय काढू नका. १९५१ पासून त्यांनी ऑल-आयर्लंड जिंकलेलं नाही, आणि त्यांच्या दुःखाच्या यादीत ही पहाट आहे. माझं म्हणणं एवढंच की ज्याच्याकडे चांगला वकील आणि जागायची तयारी आहे त्याला तिसऱ्या पायरीवर न्याय मिळतो, ही व्यवस्था कुणाच्याच भल्याची नाही. कॉनोलीच्याही नाही. तो त्या आठवड्यात एकही रात्र नीट झोपला नसेल.

मारामारी टीव्हीवर दाखवावी का?

दाखवावी, एकदा. लपवून काही साधत नाही.

२६ जून २०२२ ला क्रोक पार्कवर अर्मा आणि गॉलवे यांच्या उपांत्यपूर्व सामन्यात नियमित वेळ संपल्यावर खेळाडू आत जाताना जो गोंधळ झाला, त्यात गॉलवेच्या डेमियन कोमरच्या डोळ्याशी एक हात गेलेला कॅमेऱ्याने टिपला. तो हात अर्माच्या टिअर्नन केलीचा होता, जो त्या दिवशी खेळतही नव्हता. त्याला २४ आठवड्यांची बंदी झाली. कॅमेरा नसता तर हे कधीच बाहेर आलं नसतं. म्हणून मी कॅमेऱ्याच्या विरोधात नाही.

पण त्याच दिवशी जादा वेळेपूर्वी दोन्ही संघांतून एकेक जण, गॉलवेचा शॉन केली आणि अर्माचा एडन नुजंट, लाल कार्ड दाखवून बाहेर काढले गेले. गर्दीत तीस-चाळीस माणसं होती. प्रेक्षकांना वाटलं की दोन्हीकडचा एकेक उचलून हिशेब मिटवला, आणि केलीचं कार्ड पुढे रद्दही झालं. हे नवीन नाही. १९९६ च्या अंतिम फेरसामन्यात मीथ आणि मेयोचे जवळजवळ सगळे खेळाडू एकमेकांच्या अंगावर धावले होते. बाहेर गेले फक्त दोघे, मीथचा कोम कोईल आणि मेयोचा लियाम मॅकहेल.

माझी तक्रार आहे ती पुनःपुन्हा दाखवण्याबद्दल. तो सामना विलक्षण होता, अगदी शेवटी अर्माने बरोबरी साधली, मग जादा वेळ, मग पेनल्टी, आणि गॉलवे जिंकलं. आठवडाभर वाहिन्यांवर काय चाललं? बोगद्याच्या तोंडाशी झालेली ती काही सेकंदांची झोंबाझोंबी. माझ्या मुलीने त्या सामन्याबद्दल शाळेत पहिल्यांदा ऐकलं ते ‘डोळा’ एवढंच.

२०२५ च्या नव्या नियमांनी काय बदललं?

खूप. आणि मला यातली एक गोष्ट मनापासून आवडते. २०१७ मध्ये टीव्हीवर चिडलेल्या त्याच जिम गॅविन यांच्या अध्यक्षतेखाली जीएएने फुटबॉल सुधारणा समिती नेमली. नोव्हेंबर २०२४ च्या विशेष अधिवेशनात त्यांचे प्रस्ताव प्रयोग म्हणून मंजूर झाले, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये कायम झाले.

खेळाचं रूप पालटलं ते दोन गुणांच्या फटक्याने आणि प्रत्येक संघाने तीन खेळाडू कायम पुढच्या अर्ध्यात ठेवायच्या सक्तीने. पूर्वी पंधराच्या पंधरा मागे येऊन भिंत बांधायचे. ती भिंत पडली. जुलै २०२५ च्या अंतिम लढतीत केरीने डनिगॉलला १-२६ विरुद्ध ०-१९ असं हरवलं.

पण शिस्तीच्या दृष्टीने खरा बदल दुसराच. फाउल झाल्यावर चेंडू लगेच प्रतिस्पर्ध्याच्या हातात दिला नाही, किंवा पंचाशी हुज्जत घातली, तर फ्री किक ५० मीटर पुढे नेली जाते. पंचाशी बोलायचं ते कर्णधाराने. परिणाम पहिल्याच महिन्यात दिसला. जे खेळाडू चेंडू लांब भिरकावून वेळ काढायचे ते आता पाहुण्याला पाण्याचा तांब्या द्यावा तसा चेंडू दोन्ही हातांनी देतात. पंचाभोवती पाच जणांचं कोंडाळं दिसत नाही.

हे का चाललं? कारण शिक्षा तिथेच, त्याच क्षणी, संघाला मिळते. समिती नाही, अपील नाही, रविवार रात्रीची चर्चा नाही. आणि लेट्रिमच्या मैदानावर एकही कॅमेरा नसला तरी ५० मीटर तेवढेच असतात. इतकी वर्षं पहाटेच्या सुनावण्यांतून जे साधलं नाही ते एका साध्या नियमाने साधलं. माझ्या ओळखीचे कित्येक जुने प्रेक्षक दोन गुणांच्या नियमावर नाराज आहेत, वारा पाठीशी असला की सामना एकतर्फी होतो म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. ५० मीटरच्या नियमावर नाराज असलेला माणूस मला अजून भेटलेला नाही.

महिलांच्या फुटबॉलमध्ये शिस्तीचे नियम वेगळे आहेत का?

हो, आणि बऱ्याच बाबतीत पुढचे. महिलांची संघटना १९७४ साली, तीही थर्ल्समध्येच, स्थापन झाली. त्यांच्याकडे पिवळं कार्ड म्हणजे सरळ दहा मिनिटं बाहेर. सामन्याचं उलटं चालणारं घड्याळ आणि शेवटी वाजणारा भोंगा त्यांच्याकडे कितीतरी वर्षांपासून आहे. पुरुषांच्या खेळात तो २०२५ मध्ये आला आणि मोठा शोध लागल्यासारखी चर्चा झाली. तेव्हा आमच्या क्लबातल्या बायकांना वाटलं, चला, शेवटी शिकले.

प्रक्षेपणाचं म्हणाल तर टीजी फोर २००१ पासून महिलांची अंतिम लढत दाखवते. २०१९ मध्ये ती बघायला क्रोक पार्कवर ५६,११४ लोक आले होते. तरीही रविवार रात्रीच्या चर्चेत महिलांच्या सामन्याच्या वाट्याला येतात काही मिनिटं.

व्हिडिओ पंच का नाही?

गुणांसाठी हॉक-आय आहे, २०१३ पासून क्रोक पार्कवर. चेंडू खांबांच्या आतून गेला की बाहेरून एवढंच ते सांगतं, आणि २०२२ च्या गॉलवे विरुद्ध डेरी उपांत्य सामन्यात तेही चुकलं होतं. फाउलसाठी व्हिडिओ मला नको. मोठ्या मैदानावरच तो परवडेल, आणि मग वर सांगितलेली दरी आणखी रुंदावेल. त्यापेक्षा रग्बीसारखा पंचाचा आवाज घरी बसलेल्या प्रेक्षकाला प्रत्येक सामन्यात ऐकू आला तर निम्मे वाद जागीच मिटतील. निर्णय का दिला हे कळलं की न पटलेला निर्णयही माणूस सोसतो.

पंचांना प्रेक्षक एवढं का बोलतात?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त लागतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये रॉसकॉमन काउंटीत लहान गटाच्या सामन्यात पंचावर हल्ला झाल्याची तक्रार झाली. त्यानंतर पंचांनी मैदानावर उतरायला नकार दिला आणि काउंटीतले सामने पुढे ढकलावे लागले. मुलांचे सामने होते ते.

मी स्वतः एकदा बारा वर्षांखालच्या मुलींच्या सामन्यात उभी होते. पंच सोळा-सतरा वर्षांची मुलगी. एका पालकाने तिला असं काही ऐकवलं की तिचे डोळे भरले, आणि आम्ही बाकीचे वीस जण गप्प राहिलो. मी गप्प राहिले, हे अजून सलतं. पुढच्या हंगामात ती मुलगी पंच म्हणून दिसली नाही. त्या पालकाला हे बोलायचं बळ कुठून आलं? मला वाटतं, दर रविवारी रात्री सुटाबुटातली मोठी माणसं स्टुडिओत बसून पंचाचा प्रत्येक निर्णय चिरफाड करून दाखवतात, त्यातून थोडं तरी आलं. खेळाडूची चूक दाखवताना तो हौशी आहे याची आठवण ते अधूनमधून करून देतात. पंचाबद्दल ती आठवण क्वचितच येते.

समालोचक पक्षपाती असतात का?

प्रत्येक काउंटीला तसं वाटतं. बहुतेक सगळे विश्लेषक माजी खेळाडू, म्हणजे कुठल्या ना कुठल्या काउंटीचे. केरीचा माणूस केरीबद्दल बोलणारच. मला त्याचा त्रास होत नाही, तो कुठला आहे हे सगळ्यांना माहीत असतं.

भारतातून सामने बघता येतात का?

जीएए प्लसची वर्गणी भरली की येतात. उन्हाळ्यात इथली वेळ भारताच्या साडेचार तास मागे असते, त्यामुळे दुपारी साडेतीनचा सामना तुमच्याकडे रात्री आठला सुरू होतो. जेवणं लवकर उरकून बसा. २०२२ पासून हंगामाची विभागणी झाल्यामुळे ऑल-आयर्लंडची अंतिम लढत आता सप्टेंबरऐवजी जुलैअखेरीस असते. ऑगस्टनंतर क्लबांचे सामने.

आयर्लंडमध्ये आहे, पहिला सामना कुठला बघू?

क्रोक पार्कला नंतर जा. आधी तुमच्या भागातल्या क्लबाचा एखादा चॅम्पियनशिप सामना बघा, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. तिकीट थोडक्यात मिळतं, कुंपणाला रेलून उभं राहता येतं, मध्यंतराला क्लबाच्या खोलीत चहा आणि सँडविच असतं. कुंपणाजवळ उभे राहिलात की खांदा खांद्यावर आदळल्याचा आवाज ऐकू येतो, जो टीव्हीवर येत नाही. आणि फाउल झाल्यावर लगेच ओरडू नका, चेंडूकडे बघा. ज्याने फाउल केला तो तो चेंडू खाली वाकून उचलतो आणि समोरच्याच्या हातात देतो की नाही, ते बघा.